सागवानी कोनमापक

टेकाम मॅडमबद्दल माझ्या मनात काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. तेव्हाही मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवत असे. मुख्याध्यापकांना सांगितलं, बायकोला सांगितलं, सौंदडच्या स्टेशनाजवळच्या चहावाल्यालाही सांगितलं. त्यानं तर विचारलंही नव्हतं.

सव्वीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवतो आहे, त्यातली अकरा वर्षं याच शाळेत. आठवीची भूमिती माझी. उमराव डोंगरवार गुरुजी, म्हणजे मी, वर्गात आले की पोरं पाठ आणि मांडी यांच्यात काटकोन करून बसतात. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. माझ्या पणजोबांनी हातात कुठलंही यंत्र नसताना नुसत्या नजरेनं पाण्याची पातळी धरून तलावाची पार, म्हणजे बांध, घातली, असं आमच्या घरी सांगतात. आमच्या समाजातल्या प्रत्येक घरात आपापल्या पणजोबांबद्दल हेच सांगतात, त्यामुळे ते खरं असावं. तेव्हा रेषा आणि कोन आमच्या रक्तातच आहेत, असं मी वर्षातून एकदा शिक्षक दिनाच्या भाषणात म्हणतो.

नीतू टेकाम आमच्या शाळेत आल्या त्या मागच्या जूनमध्ये. वय अठ्ठावीस, गाव जंगलपट्ट्यातलं, अंगानं किरकोळ, आवाज मात्र शेतापलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला. त्यांना सातवीचं गणित मिळालं. सातवी आणि आठवी यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती जिल्हा परिषदेनं बांधलेली आहे. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं.

"त्रेसष्ट!"

"नाही ना जी मॅडम, पासष्ट! हा वाकडा धरून राहिला!"

"वाकडा तुह्या बापानं धरला!"

कोनाचा असा भाव चाललेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापक पटले सरांकडे गेलो. ईश्वरदास पटले मूळचे गोंदिया शहरातले. त्यांचं अर्धं वाक्य हिंदीत असतं, उरलेलं अर्धं बहुतेक वेळा नसतंच.

"सातवीत त्रिकोण एकशे ऐंशीचा होत नाही," मी सांगितलं.

"मग कितीचा होते?"

"काल एकशे शहात्तरचा झाला. एक पोट्टा एकशे त्र्याऐंशीवर होता. मॅडमनी सगळे आकडे फळ्यावर लिहून ठेवले आहेत. पुसलेसुद्धा नाहीत."

"अरे गुरुजी, नापने में थोडा इधर-उधर होताच है. तुमच्या वर्गात किती येते?"

"एकशे ऐंशी. सगळ्यांचं."

"सगळ्यांचं?"

"अकरा वर्षं झाली."

पटले सर माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिले. माझी पद्धत साधी होती. पोरांनी दोन कोन मोजायचे आणि तिसरा एकशे ऐंशीतून वजा करून लिहायचा. वेळ वाचतो आणि कोणाचं चुकत नाही.

पावसाळ्यात रोवणे सुरू झाले. चिखल केलेल्या बांधीत आमच्याकडे आता पुष्कळ लोक दोरी ताणून ओळीनं धानाची रोपं लावतात. एका संध्याकाळी घरी गेलो तर शामकला, म्हणजे माझी बायको, ओसरीवर पाय धूत बसली होती आणि कधी नव्हे ती हसत होती.

"तुमची मॅडम आली होती आपल्या बांधीत."

"माझी नाही," मी म्हणालो. "काऊन आली होती?"

"पोट्टे घेऊन आली. दोऱ्या दाखवत होती. या दोरीला ती दोरी कधी भेटत नाही म्हणे. मग बांधाच्या धुऱ्यावरून तिरपी एक लांब काठी टाकली दोन्ही दोऱ्यांवर अन् पोट्ट्यांले म्हणे, आता कोन मोजा. रोवणा करणाऱ्या गीताबाईले तं भलतीच मजा आली. म्हणे, चाळीस वर्षं रोवणा केला, पण त्याच्या संगत कोनही करून राहिलो हे कोणी सांगतलंच नाही."

"आपल्याच बांधीत कायले?"

"जवळ होती म्हणून. अन् मी हो म्हटलं."

माझीच बांधी, माझ्याच दोऱ्या, माझीच बायको. आणि समांतर रेषा व छेदिका हा धडा मी अकरा वर्षं फळ्यावर शिकवत होतो, तेव्हा गीताबाईला कधी मजा आली नव्हती. अर्थात ती माझ्या वर्गात नव्हती. पण तिची दोन पोरं होती, त्यांनाही आली नव्हती. त्या रात्री भात जरा कच्चा राहिला आहे असं मी शामकलाला म्हणालो. भात व्यवस्थित शिजला होता.

यंदा टेकाम मॅडमची सातवी माझ्या आठवीत आली आणि खरा त्रास सुरू झाला. मी फळ्यावर दोन छेदणाऱ्या रेषा काढल्या, विरुद्ध कोन समान असतात असं सांगितलं आणि पुढं जाणार इतक्यात भाग्यश्री नावाची एक पोरगी उठून उभी राहिली.

"गुरुजी, मोजून पाहू का जी?"

"कशाला? मी सांगतो आहे ना."

"नाही, तुम्ही खरंच सांगून राहिले. पण तरी."

ती एकटी असती तर चाललं असतं. पण 'पण तरी' हे सगळ्या वर्गाच्या तोंडात बसलं होतं. माझ्या गणिताच्या तासाला अशी पस्तीस पोरं समोर बसलेली, आणि मला ती सगळी टेकाम मॅडमसारखी दिसायला लागली.

सप्टेंबरची केंद्र परिषद आमच्या शाळेत ठरली. केंद्र परिषद म्हणजे आसपासच्या चौदा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, पोहे खातात, सूचना ऐकतात आणि एक आदर्श पाठ पाहतात. परिषद आमच्याकडे असली की आदर्श पाठ माझा, विषय भूमिती, हे इतकं ठरलेलं होतं की मी कपडे आठवडाभर आधीच इस्त्रीला टाकले. पटले सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"गुरुजी, यंदा पाठ टेकाम मॅडमला देऊन राहिलो. आठवीवर. विषय, त्रिकोणाचे कोन."

"आठवी माझी आहे."

"एका दिवसासाठी," पटले सर म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "केंद्रप्रमुख साहब भी देखनेवाले हैं. पाठ जमला तं दिवाळीनंतर आठवीचं गणित त्यांच्याकडं द्याचं, असं साहेबांच्या मनात आहे. तुमाले कार्यानुभव देऊ. शारीरिक शिक्षण देऊ. आराम होईल."

मला आरामाची गरज आहे असं कोणाला का वाटावं, हे मी विचारलं नाही. सव्वीस वर्षं भूमिती शिकवून आता पोरांकडून कवायत करून घ्यायची. काटकोनात वळायची आज्ञा द्यायची, एवढाच त्यात भूमितीचा भाग. मी म्हणालो, "छान. नव्या माणसांना संधी मिळाली पाहिजे." हे वाक्य मी इतक्या मनापासून म्हणालो की पटले सरांना संशय आला.

आता कोनमापकाचं सांगितलं पाहिजे.

माझ्या खुर्चीमागं खिळ्याला फळ्यावर वापरायचा एक मोठा लाकडी कोनमापक टांगलेला असतो. अस्सल सागवानी. तो मी धनीराम सुताराकडून करवून घेतला होता आणि त्यावरच्या रेघा स्वतः बसून तापल्या तारेनं डागल्या होत्या. त्याला हात लावायची परवानगी कोणालाही नाही. त्याचं कारण पोरांना वाटतं तसं प्रेम नव्हतं. आठ वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो भिंतीला टेकून राहिला आणि त्याच्या खालच्या कडेला उधई, म्हणजे वाळवी, लागली. सागाला उधई लागत नाही असं धनीराम म्हणाला. लागलेली दाखवल्यावर त्यानं कडेची बोटभर पट्टी करवतीनं कापून टाकली, रंधा मारला आणि मधोमध नवी खाच करून दिली. दिसायला पहिल्यापेक्षा सुबक झाला.

आता ज्याचा पायाच बोटभर वर सरकला आहे, तो कोनमापक लहान कोन असला की दोन-तीन अंश जास्त दाखवणार, हे उघड होतं. पण गंमत अशी की नव्वद मात्र बरोबर नव्वदच यायचे. शेजारशेजारच्या दोन कोनांची बेरीजही नेमकी एकशे ऐंशीच. एका बाजूला जेवढं वाढायचं तेवढं दुसऱ्या बाजूला कमी व्हायचं. त्यामुळे मी त्यावर फक्त काटकोन आणि रेषीय जोडी दाखवत असे. काटकोन बरोबर येणाऱ्या वस्तूवर शंका कोण घेतो? नवा करायला टाकू म्हणत आठ वर्षं गेली.

परिषदेच्या आदल्या दिवशी टेकाम मॅडम माझ्याकडे आल्या.

"सर, शाळेचा प्लास्टिकचा मोठा कोनमापक तुटला ना. मी पुठ्ठ्याचा केला आहे, पण तो वाकतो. तुमचा..." त्या खिळ्याकडे बघत थांबल्या. "कोणाले देत नाही म्हणे तुम्ही."

वर्गात आम्ही दोघंच होतो. मी खुर्चीवर चढलो, कोनमापक काढला, रुमालानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुम्हाला नाही म्हणेन का?" मी म्हणालो.

मॅडमचा चेहरा असा काही उजळला की मला क्षणभर वाटलं, परत मागावा. पण तो उजळलेला चेहराच मला सहन होईना, म्हणून मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात मागं बत्तीस शिक्षक बसले. पुढच्या खुर्चीत केंद्रप्रमुख साहेब, वही उघडून. मी मुद्दाम दाराजवळची जागा घेतली. तिथून मॅडमचा चेहरा नीट दिसत होता.

त्यांनी फळ्यावर मोठा त्रिकोण काढला. तीन पोरांना माझ्या कोनमापकानं वेगवेगळं मोजायला बोलावलं आणि बाकीच्यांना फळ्याकडे पाठ करून बसवलं, म्हणजे कोणाचं बघून कोणी लिहायला नको. पहिल्याची बेरीज एकशे पंच्याऐंशी. मागच्या बाकांवर थोडी हालचाल झाली. दुसरीची एकशे पंच्याऐंशी. तिसऱ्याची एकशे शहाऐंशी. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. टोपण लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि मान्य करतो, गोड वाटला.

मॅडम फळ्यासमोर उभ्या होत्या. माझ्यासारखा माणूस असता तर 'हे बघा, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी' म्हणून पुढं गेला असता. त्या गेल्या नाहीत.

"नेहमी आपलं कसं येते?" त्यांनी विचारलं.

"कधी कमी, कधी जास्त," वर्ग म्हणाला.

"मग आज तिघांचंही जास्तच काऊन आलं? मोजणाऱ्याची चूक असती तं एखादा तरी खाली गेला असता. सगळ्या बेरजा एकाच बाजूला कशा पळून राहिल्या?"

वर्ग फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचायला लागला. मागचे बत्तीस शिक्षकही पुढं वाकले, आणि बत्तीस शिक्षक पोहे खाल्ल्यावर सहसा पुढं वाकत नाहीत. मग भाग्यश्री उठली, टेबलावरचा कोनमापक दोन्ही हातांनी उचलला, डोळ्याजवळ नेला.

"मॅडम, याच्यावर शून्यच नाही."

"काय?"

"शून्य नाही ना जी. एक नाही, दोन नाही, तीन नाही. चारपासून सुरू होऊन राहिले. खालून कापला कोणीतरी."

त्यानंतर जे झालं तो गोंधळ होता. निम्मा वर्ग टेबलाभोवती जमला. कोणी आपला कंपासपेटीतला छोटा कोनमापक त्यावर ठेवून पाहिला. एक पोरगा ओरडला, "पण काटकोन तं बरोबर येते!" आणि मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच इतके दिवस कोणाच्या ध्यानात आलं नसंल." मग पुठ्ठ्याची बोटभर पट्टी कापून खालच्या कडेला चिकटवली, शून्य पेननं लिहिलं आणि तोच त्रिकोण पुन्हा मोजला. एकशे एकोणऐंशी. एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. मागं कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. दाराजवळ मीही वाजवली. न वाजवणारा दिसला असता.

केंद्रप्रमुख साहेब उभे राहिले. त्यांनी टोपण काढलं होतं.

"अप्रतिम! मुद्दाम सदोष साधन द्यायचं आणि दोष विद्यार्थ्यांना शोधायला लावायचा! कल्पना कोणाची?"

मॅडम गोंधळल्या. "सर, हा कोनमापक डोंगरवार सरांचा आहे. त्यांनी दिला."

"म्हणजे दोघांचा संयुक्त नवोपक्रम! डोंगरवार गुरुजी, पुढं या. दोन शब्द सांगा."

दारापासून फळ्यापर्यंत अकरा पावलं आहेत. सहाव्या पावलापर्यंत मी खरं सांगणार होतो. मग मी बारा मिनिटं बोललो. चुकीतून शिकणं यावर बोललो, विद्यार्थ्याच्या जिज्ञासेवर बोललो, पणजोबा आणि तलावाची पारही आली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण झालं. पहिल्या बाकावर भाग्यश्री हाताची घडी घालून ऐकत होती. ती हसत नव्हती.

सगळे गेल्यावर मॅडम वर्गात आल्या. कोनमापक त्यांनी टेबलावर ठेवला.

"सर, तुमाले मालूम होतं."

तो प्रश्न नव्हता. त्यांच्या गावाकडे प्रश्न विचारताना आवाज वर जातो, तो गेला नाही.

"नवोपक्रम होता," मी म्हणालो.

"हो का." त्यांनी पर्समधून कागद काढला. "साहेबांनी प्रतिवेदन मागतलं आहे. दोघांच्या सहीचं. आपण दोघांनी कोणत्या दिवशी बसून ठरवलं, तारीख लिहायची आहे. सांगा."

मी एक तारीख सांगितली.

"त्या दिवशी पोळ्यानंतरची मारबत होती सर. शाळा बंद होती."

मी दुसरी सांगितली. ती त्यांनी लिहिली, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. सही करताना त्या थोड्याही चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्या जागी असतो तर साहेबांच्या मागे सौंदड स्टेशनापर्यंत धावत जाऊन सांगितलं असतं. त्या न सांगण्यातही माझ्या पुढं गेल्या, आणि हे पाहून मला जे झालं त्याला मी अजूनही मत्सर म्हणत नाही. मी त्यांच्या सहीखाली माझी सही केली.

आठ दिवसांनी पटले सरांनी पत्र पुढं केलं.

"मुबारक हो गुरुजी. तुमचा नवोपक्रम साहेबांना फार आवडला. केंद्रातल्या चौदाही शाळांत दाखवायचा. आठवड्यातले चार दिवस, वर्षभर. कोनमापक घेऊन जायचं, पोट्ट्यांना चूक शोधायला लावायची."

"आणि आठवी?"

"आठवी टेकाम मॅडम घेतील. तुम्ही एकटे दोन्हीकडं कसे राहाल?"

मी पत्र पुन्हा वाचलं. माझं नाव त्यात तीन वेळा होतं, प्रत्येक वेळी 'उपक्रमशील' हा शब्द लावून.

पटले सर पुढं वाकले. आवाज खाली आणला. "देखो गुरुजी, एक रास्ता है. हा नवोपक्रम नव्हता, चुकून झालं, असं लिहून द्या. आजच साहेबांना कळवतो. पत्र रद्द. आठवी तुमचीच राहील."

चुकून झालं नव्हतं, हीच अडचण होती. आणि चुकून झालं असं लिहिलं असतं तरी ते वाचणाऱ्यांत एक बाई अशी होती, जिला ते खोटं आहे हे माहीत होतं. माझी एक खोटी तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिली होती. दुसरं खोटं त्यांच्यासमोर घेऊन जायची माझी तयारी नव्हती. पटले सरांनी पेन पुढं केलं. मी पत्राची पोच म्हणून सही केली. अक्षर चांगलं आलं.

पहिल्या मंगळवारी मी कोनमापक कापडात गुंडाळून मोटारसायकलच्या मागच्या सीटला बांधला. गाडी आठवीच्या खिडकीखाली उभी होती. आत टेकाम मॅडमचा तास चालू होता आणि बाजार भरला होता.

"बहात्तर!"

"चल, पंचाहत्तर!"

मग भाग्यश्रीचा आवाज आला. "मॅडम, चार बाजू असल्या तं कोनांची बेरीज किती होईल जी?"

हे मी सव्वीस वर्षं एका ओळीत सांगत आलो आहे. उत्तर माझ्या ओठावर आलं. खिडकी उघडी होती.

"पाहू ना," मॅडम म्हणाल्या. "काढा सगळ्यांनी आपापला चौकोन. वाकडातिकडा काढा. एकासारखा दुसरा नको."

आत बाक सरकले, पट्ट्या वाजल्या. कोणीतरी कोणाचा रबर घेतल्यावरून भांडण झालं आणि मिटलं. मी गाडीची किल्ली हातात धरून उभा होतो. आकडे यायला लागले. तीनशे सत्तावन्न. तीनशे बासष्ट. एकानं चारशे सांगितलं आणि सगळा वर्ग हसला, तोही हसला. माझ्या वर्गात चुकलेला पोरगा स्वतः कधी हसलेला मला आठवत नाही.

"भाग्यश्री, तुझं किती?"

"थांबा ना मॅडम, एक कोन राहिला."

तिचा एक कोन राहिला होता. मला तो आकडा हवा होता.

"गुरुजी!" व्हरांड्यातून पटले सरांनी हाक मारली. "पहिल्याच दिवशी लेट नका होऊ."

मी गाडी सुरू केली. माझी गाडी जुनी आहे, सुरू झाली की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. भाग्यश्रीनं काहीतरी सांगितलं, वर्ग ओरडला. तिचा आकडा किती आला ते मला कळलं नाही, आणि कोणाला विचारायची सोयही उरली नव्हती.